आत्याचं सोनेरी कार्ड

...आणि वर मलाच म्हणतात, "लोसा, आत्याला नाही म्हणायचं नसतं!" झालं. विषय संपला. का नसतं म्हणायचं? तर तेही विचारायचं नसतं. तुम्हाला सांगते, आमच्या टोंगन घरांत, म्हणजे टोंगा बेटांवरून इथे सिडनीत आलेल्यांच्या घरांत, पोर आधी 'आई' म्हणायला शिकतं, मग 'बाबा' म्हणायला शिकतं, आणि मग आत्यासमोर गप्प बसायला शिकतं, की त्याचं शिक्षण पूर्ण! पुढे तुम्ही सिडनीच्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन बाहेर पडा नाहीतर आणखी काही व्हा... आत्या ती आत्या. बापाची थोरली बहीण. बापाच्या वर, काकांच्या वर, आणि पाद्रीबुवांच्या... नाही, वर नाही, पण पाद्रीबुवासुद्धा तिला येताना बघून बायबल जरा सरळ धरतात.

माझ्या एकविसाव्या वाढदिवसाची गोष्ट सांगते, म्हणजे नीट कळेल. चांगला चार मजली केक. सगळ्यात वरच्या मजल्यावर साखरेची गुलाबं आणि गुलाबी अक्षरांत माझं नाव, लोसालिने. आता आमच्यात रीतच आहे, वरचा मजला आत्याचा. मी सुरी उचलली, फोटो काढला, टाळ्या झाल्या आणि वरचा मजला तिथल्या तिथे डब्यात गेला, डबा आत्याच्या गाडीत गेला. माझ्या वाढदिवसाला माझं नाव मला चाखायला मिळालं नाही हो! पुढे कित्येक दिवस आत्या फोनवर सांगायची, "आज चहाबरोबर 'लो' खाल्लं गं, गोड होतं." मी काय म्हणणार? म्हटलं, "बरं झालं, आत्या."

पण केकचं जाऊ द्या. मुद्दा विमानांचा आहे.

मी वजनकाटे तपासते. हसू नका, इंजिनिअरचंच काम आहे ते. खाणीतले काटे, बंदरातले काटे, इस्पितळात बाळं मोजतात ते काटे, विमानतळावर बॅगा मोजतात ते काटे. काटा खरं बोलतो की खोटं, हे बघायला मी सोमवारी पर्थला असते, बुधवारी डार्विनला असते, आणि शुक्रवारी घरी यायच्या विमानात खिडकीला डोकं टेकून झोपलेली असते. आता एवढं उडणाऱ्या माणसाला विमान कंपनी पॉइंट देते. उडा, पॉइंट मिळवा, साठवा, फुकट तिकीट घ्या. आणि फारच उडलात तर सोनेरी कार्ड. मग तुमच्यासाठी वेगळी रांग, जादा सामान, आणि आत ती गालिचावाली खोली, लाउंज, जिथे चीज आणि बिस्किटं वाट्टेल तेवढी खा.

मग माझ्याकडे सोनेरी कार्ड असेल, नाही का? नाही! आत्याकडे आहे!

कसं? सांगते. मला नोकरी लागली तेव्हा आमच्या निळ्या कंपनीने... नाव घेत नाही, उगाच नोटीस यायची. शेपटी निळी आहे, म्हणून निळी... तर निळ्या कंपनीने कुटुंब खातं काढलं होतं. घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एका ठिकाणी जमा, आणि ते कसे वापरायचे ते ठरवणार कुटुंबप्रमुख, कार्डही त्याच्याच नावावर. कंपनीच्या साहेबांच्या डोक्यात काय असेल? आई, बाप, दोन मुलं, फार तर एक कुत्रं. त्यांनी बिचाऱ्यांनी रकाना ठेवला, 'कुटुंबप्रमुख'. आमचे बाबा चष्मा लावून संगणकासमोर बसले, आणि एक क्षणही विचार न करता तिथे लिहिलं, पेलेनाइसे. म्हणजे आत्या! मी म्हटलं, "बाबा, इथे तुमचं नाव लिहायचं असतं." तर बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी त्यांना चर्चमध्ये टोपी घालायला सांगितली. "मी प्रमुख? ताई जिवंत असताना?"

तेव्हापासून उडते मी आणि पोचते आत्या!

एकदा योगायोगाने आम्ही दोघी एकाच विमानाला होतो. आत्या टोंगाच्या राजधानीला, नुकुआलोफाला निघालेली. आमच्या रीतीप्रमाणे कमरेला लग्नाकार्याची चटई बांधलेली, केसांत शोभेचा कंगवा, हातात सोनेरी कार्ड, आणि मागे तीन आइसबॉक्स, चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेले, प्रत्येकावर जाड पेनाने तिचं नाव. काउंटरवरच्या पोरीने काट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, सोनेरी कार्ड धरूनसुद्धा हे जास्त होतंय." आत्या वळली ती माझ्याकडे. "लोसा, हे काटे तूच तपासतेस ना?" म्हटलं, "हो, आत्या." "मग आपल्या घरच्यांच्या वेळी त्याला जरा समजावता येत नाही? शिकलीस कशाला?" आणि मग ती लाउंजमध्ये गेली. कार्डावर एक पाहुणा नेता येतो. मी आपली पिशवी सावरून पुढे झाले... तर आत्याने पाद्रीबुवांच्या बायकोला हात केला! मी बाहेर, चिप्सच्या मशीनशेजारी. ज्या विमानांत बसून बसून माझी पाठ गेली, त्यांच्या जिवावर आत्या आत बसलेली, आणि काचेतून मला चीजचा तुकडा दाखवून खुणेने विचारते, "खाणार का?" आता मी काचेतून कशी खाणार? पण मान हलवली, हो म्हणून. कारण आत्याला नाही म्हणायचं नसतं.

एवढं सगळं मी सोसलं असतं हो. चीजवाचून कोणी मरत नाही. पण आईचं काय?

माझी आई लुपे वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम करते. तिची आई, म्हणजे माझी आजी, तिकडे टोंगात, हाअपायच्या बेटावर मामाकडे. दोघी रविवारी फोनवर बोलतात, चेहरे बघून. हल्ली आजी म्हणायला लागली, "लुपे, तुझा चेहरा धुरकट दिसतो गं, तुमच्याकडचं नेट खराब असेल." आई म्हणते, "हो, हो, नेटच खराब आहे." नेट उत्तम होतं! आजीचे डोळे जात होते. दवाखान्यातल्या नर्सने मामाला सांगितलं, फार तर वर्षभर माणसं ओळखू येतील, मग नुसता उजेड. आई कुणाला काही बोलली नाही. फक्त एकदा, एकदाच, जेवण वाढता वाढता आत्याला म्हणाली, "ताई, पॉइंटमधून एक जागा मिळाली असती तर..." आत्या म्हणाली, "बघू." आणि मग त्या पॉइंटवर कोण गेलं माहितीये? आमच्या चर्चच्या बँडचा ट्यूबा! ते भलं मोठं पितळी वाद्य. सामानात टाकलं तर चेपेल म्हणून आत्याने त्याला स्वतंत्र जागा घेतली, खिडकीजवळची, पट्ट्याबिट्ट्यासकट. माझ्या आईच्या जागेवर बसून एक वाद्य टोंगाला जाऊन आलं. आई काय म्हणाली? म्हणाली, "वाजलं मात्र छान म्हणे."

आणि इथे एंट्री होते पिवळ्या कंपनीची.

पिवळी नवीन होती. टोंगाला थेट जायला लागली होती आणि गिऱ्हाइकं फोडायला निघाली होती. एक म्हणजे, निळीचं सोनेरी कार्ड दाखवा, आम्ही आमचं सोनेरी देतो. तिकडे तुम्ही जे होतात तेच इकडे. आणि दुसरं म्हणजे, कामासाठी सतत उडणारा माणूस आमच्याकडे आला तर त्याच्यासोबत एका माणसाला एकदा फुकट जागा, आम्ही जाऊ तिथे. सोबती कोण, ते खातेदार ठरवणार. मुदत रविवारपर्यंत. माझ्या ऑफिसला काय, निळीने जा नाहीतर पिवळीने जा, काटे तपासल्याशी मतलब.

मी इंजिनिअर आहे, मी तक्ता केला. इकडे निळी, इकडे पिवळी. विमानं किती, उशीर किती, सँडविच ओलं की कोरडं. निळीत माझं काय जाणार? जे कधी माझं नव्हतंच ते! पिवळीत काय मिळणार? आईला एक जागा. काटा सरळ एका बाजूला झुकलेला. तक्ता फ्रीजवर लावला. बाबांनी तो पाहिला, उलटा केला आणि पाठीवर कावा, म्हणजे आमचं मुळ्यांचं पेय, प्यायला कोण कोण येणार त्यांची नावं लिहिली.

म्हटलं, "बाबा, तुम्ही आत्याशी बोला ना."

आता माझे बाबा म्हणजे मानासे. बंदरावर फोर्कलिफ्ट चालवतात. दारातून येताना तिरके होऊन येतात, एवढे रुंद. पण 'आत्या' म्हटलं की आवाज असा होतो, चहाच्या गाळण्यातून गाळल्यासारखा. "मी? मी कसा बोलू? ती ज्या खोलीत टीव्ही बघते त्या खोलीत मी मिसरूड फुटल्यापासून पाय ठेवलेला नाही. बहीण आहे ती माझी!" आमच्यात वयात आलेल्या भावाबहिणींनी एका खोलीत बसायचं नसतं, तीही रीतच. म्हटलं, "मग फोनवर बोला." "फोन ती कुठल्या खोलीत उचलेल, काय सांगावं?"

मग मला वाटलं, लोसा, तू शिकलेली आहेस. नियम आहे ना? नियमातच पळवाट शोध. आत्याला नाही म्हणायचं नसतं, कबूल. पण आत्याला नाही कोण म्हणू शकतं? आत्याची आत्या! माझ्या आजोबांची बहीण, एसेता आत्याआजी, ऑकलंडला असते. अजून ठणठणीत, फक्त ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं जग बहिरं असल्यासारखी बोलते. लावला फोन.

"कोण?"

"मी लोसा."

"कुणाची लोसा?"

"मानासेची."

"मानासे कुणाचा?"

"तुमच्या भावाचा मुलगा, आत्याआजी."

"हां! मग माझीच की!"

त्या 'माझीच की'ला मी तेव्हा सावध व्हायला हवं होतं, पण मी भाबडी. सगळं सांगितलं, पॉइंट, कार्ड, ट्यूबा, आजीचे डोळे. पलीकडून सुस्कारे ऐकू येत होते. "पेलेनाइसे अशी वागते? माझ्या भाच्याच्या घरात? थांब, मी येते." मला गहिवरून आलं! म्हटलं, न्याय म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन, आवाज पडलेला. "लोसा, एसेता आत्या वाढदिवसाला येतायत म्हणे. त्यांनी तिकीट काढायला सांगितलंय. पॉइंटमधून."

म्हणजे माझे पॉइंट परत मिळवून द्यायला येणारी बाई माझ्याच पॉइंटवर येणार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

वाढदिवस माझ्या भाचीचा. भाऊ लिसिआते, त्याची मुलगी, पहिला वाढदिवस. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या बरं का... लिसिआतेची बहीण कोण? मी. म्हणजे त्या पोरीची आत्या कोण? मी! रीतीप्रमाणे तिचं नाव ठेवायचा मान माझा होता. पण आत्या म्हणाली, "पेलेनाइसे ठेव." आणि आत्याला... हो, तेच. म्हणून आता घरात दोन पेलेनाइसे आहेत. एक पॉइंट वापरते आणि दुसरी अजून लंगोट.

रविवार. सिडनीतल्या आमच्या ब्लॅकटाउन भागातलं चर्च उरकून सगळे आमच्या घरी. अंगणात मांडव, डुक्कर भाजतंय, आई स्वयंपाकघरात अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध भरून पुरचुंड्या बांधतेय. समोरच्या सगळ्यात चांगल्या चटईवर आत्या. तेवढ्यात काठी आपटत एसेता आत्याआजी आली, सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "पेले, ऊठ तिथनं."

आणि आत्या उठली!

तुम्हाला सांगते, मी डोळे चोळले. आमची आत्या, जिच्यासमोर पाद्रीबुवा बायबल सरळ धरतात, ती चटईवरून उठली आणि बाजूच्या साध्या चटईवर जाऊन बसली. "हो, आत्या," म्हणाली. आवाज? गाळण्यातून गाळलेला! मला एवढा आनंद झाला, की मी बाबांना कोपर मारलं.

मग चर्चा सुरू. आत्याआजीने विचारलं, ते पिवळं काय आहे? मी उभी राहिले, तक्ता सुलटा करून सगळं सांगितलं. कार्डाला कार्ड मिळतं. सोबत्याला जागा मिळते. टोंगा थेट. आत्याआजी गरजली, "उत्तम आहे! आपण पिवळीकडे जायचं!" बाबांनी मान डोलावली. काकांनी डोलावली. आत्यासुद्धा म्हणाली, "आत्या म्हणतात तर जाऊ." मी मनात म्हटलं, लोसा, जिंकलीस गं! एवढंच होतं तर आधी का नाही केलंस?

"खातं कुटुंबाचं," आत्याआजी पुढे म्हणाली, "प्रमुख मी."

"...काय?"

"आणि ती सोबतीची जागा आहे ना, ती पेलेला. आम्हा दोघींना अमेरिकेत सॉल्ट लेकला भजनांच्या स्पर्धेला जायचंय. पिवळी तिकडे जाते ना गं?"

म्हणजे बघा. कंपनी बदलली, प्रमुख बदलली, बदललं काय? विमानाच्या शेपटीचा रंग! मी म्हटलं, "पण आत्याआजी, आईची जागा? आजीचे डोळे... मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं!" तर म्हणाली, "हो, हो, बिचारी. तिच्यासाठी आम्ही तिकडे प्रार्थना करू." बाबा खोकले. बाबांना अडचणीच्या वेळी खोकला येतो, डॉक्टरांनाही कारण सापडलेलं नाही.

तेवढ्यात केक आला. तीन मजली. आणि लिसिआतेने रीतीप्रमाणे वरचा मजला उचलला, साखरेच्या गुलाबांसकट, आणि आणून ठेवला... माझ्यासमोर. कारण या पोरीची आत्या मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेले आत्या माझ्या शेजारी सरकली. खरं सांगते, रागाने नाही, मायेने बोलली. "हे बघ पोरी. तुझ्या आजोबांना माती द्यायला अर्धं ब्लॅकटाउन मी याच पॉइंटांवर नेलं होतं. मी एकटीने खाल्लं नाही कधी. आणि बघ, आज वरचा मजला तुझ्यापुढे आला की नाही? उद्या ही चिमुरडी मोठी होईल, ती उडेल, तिचं सगळं तुझं. जरा थांबायला शिक. आपल्यात प्रत्येकीची वेळ येते."

आणि तुम्हाला सांगते, एक क्षण मला पटलं हो! समोर गुलाबं, बाजूला माया, आणि कधीतरी मलाही मऊ चटई, गालिचावाली खोली... मग माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. तिथे आई उभी होती, हाताला नारळाचं दूध लागलेलं. आई कुणाची आत्या? मामाच्या मुलांची. ती मुलं तिकडे बेटावर मासे धरतात, तिला काय देणार? विमान? तिची वेळ कधी येणार? आणि आली तरी आजीला ती दिसणार का?

आत्याआजी म्हणाली, "चल, फोन काढ. मुदत आजच आहे ना? दाब ते."

मी फोन काढला. पडद्यावर दोन बटणं होती. 'कुटुंब खात्यात सामील व्हा' आणि 'स्वतःचं खातं उघडा'.

"लोसा," बाबा हळूच म्हणाले, "आत्याला नाही म्हणायचं नसतं."

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. ओरडले नाही, हातपाय आपटले नाहीत. "नाही, आत्या. नाही, आत्याआजी. निळीतलं सगळं तुमचं, मला त्यातलं काही नको. पण हे मी माझ्या नावावर घेतेय." आणि दुसरं बटण दाबलं. सोबती कोण, असं फोनने विचारलं. मी मोठ्याने वाचत वाचत लिहिलं, लु-पे.

डुकराची चरबी निखाऱ्यावर पडून चर्र वाजली तेवढीच. आत्याआजीला ऐकू आलं होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. आत्या माझ्याकडे बघत होती, बाबा चटईकडे बघत होते, खोकलासुद्धा बंद. दारात आईने दोन्ही हात तोंडावर धरले होते, आणि नारळाचं दूध तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं.

म्हटलं, काहीतरी करायला हवं, साधं, नेहमीचं. खाली बघते तर भाची रांगत आलेली, माझ्या केकजवळ बसलेली, आणि सगळ्यात मोठं गुलाब तिच्या मुठीत. मी हात पुढे केला. आवाज होईल तेवढा गोड केला. "पेले, दे बरं आत्याला."

पोरीने माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. आणि जन्मातला पहिला स्पष्ट शब्द बोलली.

"नाही."

आत्याआजी गप्प. आत्या गप्प. बाबा गप्प. आणि त्यांच्या रांगेत बसलेली घराण्यातली सगळ्यात नवी आत्या... तीही गप्प. बोलणार काय, तुम्हीच सांगा.